मी मोजलेले ८७० फूट

कृष्णाकाठ (प्रश्न)

मंडळी, हे लिहू लिहू म्हणत वर्षं गेली. लांबलंय, पण मधलं गाळलं तर विचारायचं तेच राहून जाईल.

मी मूळचा मिरजेचा, स्थापत्य अभियंता. सगळी नोकरी रस्ते, गटारं आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांत गेली. १९९३ मध्ये न्यू जर्सीत आलो, २००५ मध्ये नागरिक झालो आणि २००७ च्या मार्चमध्ये ज्युरीचं बोलावणं आलं. ऑफिसातले लोक ते टाळायचे उपाय सांगत होते, पण मला जायचं होतं. शपथ घेतल्यापासून या देशाने पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भत्ता दिवसाला पाच डॉलर.

काऊंटीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. आरोपी तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेबाराच्या सुमारास बंद झालेल्या लाँड्रीसमोर पोलिसांनी त्याला धरलं. खिशात क्रॅक कोकेनच्या अकरा छोट्या पुड्या. विकण्याच्या इराद्याने बाळगल्या, हा एक आरोप. दुसरा आरोप वेगळा होता: हे सगळं शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत घडलं. शाळेला सुट्टी होती, मध्यरात्र होत आली होती, आसपास एकही मूल नव्हतं. न्यायाधीशांनी समजावलं की यातल्या कशानेही फरक पडत नाही. शाळा भरलेली असो वा नसो, आरोपीला शाळा जवळ आहे हे माहीत असो वा नसो, अंतर तेवढं पाहायचं.

पहिल्या आरोपावर आम्हा बाराजणांत फार वाद झाला नाही. दुसऱ्यासाठी नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा होता, शाळांभोवती वर्तुळं काढलेला. बचावाच्या वकिलाने अंतराबद्दल शंका काढली होती. शाळा आणि लाँड्री यांच्या मध्ये रेल्वेचा भराव आहे, पायी जायचं तर पुलाखालून वळसा घालून अर्धा मैल तरी पडतो. पण अंतर सरळ रेषेत धरायचं होतं. निवडीच्या वेळी मी माझा व्यवसाय सांगितला होता, त्यामुळे खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. चिठ्ठी पाठवून पट्टी मागवली. एक इंचाला चारशे फूट असं प्रमाण होतं. शाळेच्या कुंपणाचा जवळचा कोपरा धरला आणि मोजलं. दोन इंच आणि वर एक अष्टमांशाहून किंचित जास्त. ८७० फूट. पुन्हा मोजलं, तेच आलं.

आमच्यात साठीच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या, शाळेची बस चालवायच्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "या गावात हजार फुटांच्या बाहेरची जागा कुठे आहे, ती दाखव मला." मी म्हणालो, "बाई, आपल्याला तो प्रश्न विचारलेला नाही." खरंच विचारलेला नव्हता. तासाभराने त्यांनीही हात वर केला. त्यानंतर दिवसभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

शिक्षा किती होणार हे ज्युरीला सांगत नाहीत. माझ्या मनात होतं, सहा महिने, फार तर वर्ष. मे महिन्यात मी कोर्टात फोन करून विचारलं. पाच वर्षं, त्यातली पहिली तीन पॅरोलचा अर्जही न करता. ही तीन वर्षं दुसऱ्या आरोपाची, म्हणजे माझ्या पट्टीची. न्यायाधीशांना ती कमी करायचा अधिकार नव्हता.

मग मी गप्प बसलो. नोकरी, मुलाचं कॉलेज, आईचं आजारपण. गेल्या वर्षी आमच्या टाऊनशिपचा पुराच्या पाण्याचा नकाशा करत होतो. संगणकावर एखाद्या जागेभोवती हवं तेवढं वर्तुळ काढणं एका क्लिकचं काम असतं. रात्री घरी बसून सगळ्या शाळांभोवती हजार फुटांची वर्तुळं काढली. आमच्याकडे शाळा गावाच्या कडेला, मोठ्या मैदानांत, भोवती एकेक एकराचे प्लॉट. वर्तुळं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. माझं घर जवळच्या शाळेपासून २,३०० फुटांवर. मग त्या दुसऱ्या गावाचा नकाशा उघडला. तिथे वर्तुळं एकमेकांत इतकी मिसळली की मोकळं राहिलं ते एक स्मशान, रेल्वेचं यार्ड आणि नदीकाठचा गोदामांचा पट्टा. बाईंना मी दाखवू शकलो असतो ती जागा एवढीच.

आमच्या गावात कृष्णवर्णीय कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. त्या गावात बहुसंख्य तेच.

मित्रांना सांगितलं तर म्हणतात, "कायद्यात कुठे काळा-गोरा लिहिलंय?" लिहिलेलं नाही, हे मलाही दिसतं. मग हा नुसता भूगोलाचा योगायोग आहे का? हा कायदा पुढे बदलला का? आणि माझं मोजमाप बिनचूक होतं, तरी मी चुकलो का? जाणकारांनी सांगावं. समजूत काढू नका, जे असेल ते सांगा.

स्पष्टवक्ता

काका, तुमच्या मनाचा मोठेपणा मान्य, पण तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. त्या मुलाच्या खिशात पुड्या होत्या, कोणी घुसवल्या नव्हत्या. माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेजवळ कोणी हा माल विकत असेल तर त्याला तीन काय, दहा वर्षं आत ठेवा. कातडी कुठलीही असो.

आणि हे कायदे गोऱ्यांनी काळ्यांविरुद्ध केले हेही अर्धसत्य आहे. १९८६ चा केंद्राचा ड्रग्सविरुद्धचा कडक कायदा झाला तेव्हा हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगेल त्याच्या बाजूने होते. स्वतः कृष्णवर्णीय. त्यांच्या वस्तीत क्रॅकने घरं उद्ध्वस्त होत होती, त्यांनाच पोलीस हवे होते. आपण चार पैसे गाठीला बांधून, कायदा पाळून इथे राहिलो. तेवढी अपेक्षा सगळ्यांकडून करू नये का?

दुसरी_पिढी

काका, मी न्यू जर्सीतच वाढले आणि इथेच सरकारी बचाव वकील म्हणून सहा वर्षं काम करतेय. माझं मराठी शनिवारच्या शाळेतलं आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्ही घरी बसून जो नकाशा काढलात तोच राज्याने नेमलेल्या शिक्षा-आढावा आयोगाने काढला होता. डिसेंबर २००५ मध्ये, म्हणजे तुम्ही ज्युरीत बसण्याच्या सव्वा वर्ष आधी, त्यांचा अहवाल आला. न्यूअर्क शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या पट्ट्यांत मोडतो, जर्सी सिटी आणि कॅम्डनचा निम्म्याहून अधिक. मॅन्सफील्डसारख्या ग्रामीण टाऊनशिपचा फक्त ६ टक्के. आणि या कलमाखाली शिक्षा झालेल्यांत ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. शंभरातले शहाण्णव. आयोग तेव्हाच म्हणाला होता की हजाराचे दोनशे फूट करा. विधिमंडळात ते अडकलं.

कायदा १९८७ चा. १९९८ मध्ये त्याला आणखी एक कलम जोडलं: सरकारी घरकुलं, बागा, वाचनालयं यांच्यापासून ५०० फूट, आणि तिथला गुन्हा वरच्या श्रेणीचा. सरकारी घरकुलं कुठे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्पष्टवक्ता दादा, तुमच्या मुलीची काळजी मला समजते, पण आयोगाचं म्हणणं नेमकं तिच्यासाठीच होतं. शाळेभोवती पट्टा आखायचा तो विकणाऱ्याने शाळेपासून लांब जावं म्हणून. सगळं गावच पट्ट्यात असेल तर शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं काय आणि लांबच्या कोपऱ्यावर उभं राहिलं काय, शिक्षा तीच. मग लांब कोण कशाला जाईल? शाळेला जे संरक्षण द्यायचं होतं तेच या कायद्याने पुसून टाकलं. माझ्याकडे या कलमाची जी प्रकरणं आली त्यांत लहान मुलाला विकल्याचं एकही नव्हतं.

आणि रँगेल. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण पुढचं अर्धं राहिलं. त्या कायद्यात क्रॅकला पूड कोकेनपेक्षा कितीतरी कडक शिक्षा होती. त्याच रँगेल यांनी नंतर ती विषमता काढून टाकण्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, विधेयकं मांडली. वस्तीतल्या लोकांनी पोलीस मागितले होते हे खरंच, पण सोबत शाळा, नोकऱ्या आणि व्यसनमुक्तीचे दवाखानेही मागितले होते.

आता भूगोलाबद्दल. काका, तुम्ही प्लॉट आखणाऱ्यांतले. एकेक एकराची किमान अट कोणी घातली? १९७५ च्या माउंट लॉरेल खटल्यात आपल्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गावांनी असे नियम करून गरिबांना बाहेर ठेवणं चालणार नाही. त्या निकालाची गावं अजून टाळाटाळ करतात. तेव्हा दाट वस्ती, लहान घरं, पायी जाण्याच्या अंतरावर शाळा हे सगळं कुणीतरी ठरवून झालेलं आहे. त्यावर १९८७ मध्ये कंपास ठेवला.

वर्ण शिरतो तो आणखी एका दारातून. सरकारच्या पाहण्यांत गोरे आणि काळे ड्रग्स घेण्याच्या बाबतीत फारसे वेगळे दिसत नाहीत. पण उपनगरात व्यवहार बेसमेंटमध्ये, ओळखीत होतो. शहरात तो कोपऱ्यावर होतो आणि पोलिसांची गाडी कोपऱ्यावरून फिरते. २०१६ च्या एका राष्ट्रीय अहवालात तुरुंगातल्या काळ्या-गोऱ्या तफावतीत न्यू जर्सी देशात पहिलं होतं, बारापटीहून जास्त.

"वर्ण लिहिलाय कुठे" या प्रश्नाचं कोर्टातलं नाव मॅक्लेस्की. १९८७, जॉर्जियातला फाशीचा खटला. मृत व्यक्ती गोरी असेल तर फाशीची शक्यता कितीतरी वाढते, हे हजारो खटले तपासून दाखवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अभ्यास खरा धरला आणि तरी पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की या एका आरोपीशी, या एका प्रकरणात, मुद्दाम भेदभाव केल्याचं सिद्ध करा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर सांगितलं की एखादं मत बदलता आलं असतं तर ते हेच. १९९६ मध्ये आर्मस्ट्राँग खटल्यात लॉस एंजेलिसच्या बचाव वकिलांनी दाखवलं की त्यांच्या कार्यालयाने एका वर्षात संपवलेल्या क्रॅकच्या चोवीस प्रकरणांत चोवीसही आरोपी कृष्णवर्णीय होते. कोर्ट म्हणालं, सरकारी वकिलांच्या फायली पाहायला एवढं पुरेसं नाही. अशाच परिस्थितीतल्या गोऱ्यांना सोडलं हे आधी दाखवा. ते ज्या फायलींत असणार त्याच मागत होतो आम्ही.

तुमच्या त्या मुलाबद्दल एक गोष्ट, जी ज्युरीला कधी कळत नाही. त्या तीन वर्षांवर न्यायाधीशांचा हात चालत नव्हता, पण सरकारी वकिलाचा चालत होता. आरोपीने गुन्हा कबूल केला तर सौदा करून ती मुदत कमी करायची किल्ली कायद्याने त्यांच्या हाती दिलेली आहे. त्याला बहुधा वर्ष-दीड वर्षाचा देकार असणार. तो नाही म्हणाला आणि तुमच्यासमोर आला. म्हणूनच बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. माझ्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक अशिलांनी ज्युरीची खोली पाहिलेली नाही.

बदल झाला. जानेवारी २०१० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ही मुदत कमी करायचा किंवा माफ करायचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. मे २००७ मध्ये शिक्षा झालेल्याची तीन वर्षं मे २०१० मध्ये संपतात, म्हणजे त्याचे चार महिने उरले होते. २०२१ मध्ये ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी सरकारी वकिलांना आदेश दिला की हिंसा नसलेल्या ड्रगच्या प्रकरणांत सक्तीच्या किमान मुदती मागू नका. कलम मात्र पुस्तकात आहे, आदेश मागे घ्यायला एक सही पुरते.

तुम्ही चुकलात का, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. कायद्याने जे विचारलं त्याचं तुम्ही खरं उत्तर दिलंत. त्या बाईंनी जे विचारलं त्याचं नाही दिलंत. पुरावा असला तरी आरोपीला सोडायचा अधिकार ज्युरीला असतो आणि त्याबद्दल तिचा जाब कोणी विचारू शकत नाही. पण हे तुम्हाला सांगायला आम्हा वकिलांना बंदी आहे. खोलीत ते कोणाला सुचलं तरच.

पारिजात

मी हा धागा दोनदा वाचला. कृष्णाकाठ, तुम्ही एकदा मोजलंत, मी सव्वीस वर्षं मोजत होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून इथे आले आणि मिडवेस्टमधल्या एका राज्याच्या प्रयोगशाळेत १९९२ पासून निवृत्तीपर्यंत पोलिसांनी जप्त केलेला माल तपासला. आमची काही प्रकरणं राज्याच्या कोर्टात जायची, काही फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात. कुठली कुठे जाणार, ते सरकारी वकील ठरवायचे.

काम असं: लाखेची मोहोर तपासायची, पाकीट उघडायचं, प्लॅस्टिक बाजूला काढून निव्वळ वजन. कोबाल्ट थायोसायनेटचा थेंब टाकला की निळा रंग येतो, ती प्राथमिक चाचणी. मग यंत्रावर खात्री. शेवटी इन्फ्रारेडवर पाहायचं की हा क्षार आहे की बेस. पांढरी पूड म्हणजे कोकेन हायड्रोक्लोराइड, क्षार. क्रॅक म्हणजे त्याच क्षारातला आम्लाचा भाग खाण्याच्या सोड्याने काढून टाकलेला खडा. रेणू तोच. ओढल्यावर तो मेंदूत लवकर पोचतो, नशा झटकन चढते आणि झटकन उतरते, हा फरक खरा आहे. पण प्रत्येक खडा आधी पूड असतो. मोठा व्यापारी पूड आणतो, खडे गल्लीत होतात.

१९८६ चा कायदा म्हणायचा: ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं आणि ५०० ग्रॅम पूड कोकेनला किमान पाच वर्षं. शंभरास एक. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. ५०० ग्रॅम म्हणजे आपल्याकडची साखरेची अर्ध्या किलोची पुडी. मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस १९ जून १९८६ ला गेला, बोस्टन सेल्टिक्सने निवडल्यावर दोन दिवसांनी. देश हादरला, निवडणूक तोंडावर होती आणि २७ ऑक्टोबरला रेगन यांनी कायद्यावर सही केली. बायसचा मृत्यू पूड कोकेनने झाला होता. १९८८ मध्ये आणखी घट्ट केलं: ५ ग्रॅमहून जास्त क्रॅक नुसतं जवळ सापडलं, विकायचा इरादा नसला, पहिलाच गुन्हा असला, तरी पाच वर्षं. त्याच माणसाकडे तेवढीच पूड असती तर जास्तीत जास्त एक वर्ष.

माझ्या वहीत ५.३ ग्रॅमचा एक नमुना आहे. १९९७, नोव्हेंबर. खडे जरा दमट होते, दमट खडे वाळताना वजन उतरतं. नियम असा की आले तसे तोलायचे. मी तोलले, ५.३ लिहिलं, सही केली. आठवडाभर तसेच ठेवले असते तर काटा पाचाच्या खाली आला असता का, हे मी स्वतःला आजवर विचारते. साक्षीला गेले तेव्हा मुलगा समोर बसला होता, शेजारी आई. बचावाच्या वकिलाने विचारलं, "मॅडम, यातल्या कोकेनच्या रेणूत आणि पुडीतल्या रेणूत काही फरक?" मी म्हटलं, "नाही." न्यायाधीशांनी मान हलवली आणि पाच वर्षं दिली. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

शिवाय वजन शुद्ध कोकेनचं धरत नाहीत, मिश्रणाचं धरतात. निम्मा खडू असला तरी सगळा खडा तागडीत.

शेजारच्या मिनेसोटात एका न्यायाधीशांनी, पामेला अलेक्झांडर यांनी, १९९० मध्ये राज्याचं असंच कलम फेटाळलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तिथे ३ ग्रॅम क्रॅकला वीस वर्षांपर्यंत शिक्षा होती, तेवढ्याच पुडीला पाचपर्यंत. निकालातले आकडे मला पाठ आहेत: १९८८ मध्ये क्रॅक बाळगल्याच्या आरोपींत ९६.६ टक्के कृष्णवर्णीय, पूड बाळगल्याच्या आरोपींत ७९.६ टक्के गोरे. म्हणजे दुसरी_पिढीने सांगितलेल्या ९६ चा सख्खा भाऊ. मुद्दाम केलं हे सिद्ध करा, असं त्या कोर्टाने म्हटलं नाही. राज्याच्या संविधानाला तेवढं पुरलं.

फेडरल पातळीवर मात्र १९९५ मध्ये शिक्षा आयोगाने समानता सुचवली, काँग्रेसने ती फेटाळली आणि क्लिंटन यांनी त्या फेटाळण्यावर सही केली. २०१० मध्ये ओबामांच्या काळात शंभराचे अठरा झाले. ५ ग्रॅमच्या जागी २८. त्या सकाळी मी कामावर होते. तागडी तीच, मी तीच, आणि काल पाच वर्षांचा असलेला नमुना आज नव्हता. पण आधी आत गेलेल्यांना लाभ नाही. तो २०१८ च्या कायद्याने मिळाला, आणि तेव्हाही २०२१ मध्ये टेरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सर्वांत कमी माल असलेल्यांना तो लागू होत नाही, कारण त्यांच्या कलमात ग्रॅमचा आकडाच नव्हता. टेरीकडे ३.९ ग्रॅम होते. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने ३६१ विरुद्ध ६६ मतांनी एकास एक करणारं विधेयक मंजूर केलं. सिनेटने ते तसंच पडू दिलं. अठरास एक अजून चालू आहे.

आमच्या घरी धान्य मापताना आजी म्हणायची, मापात पाप नको. माझा काटा दर महिन्याला प्रमाणित व्हायचा, त्यात कधी पाप नव्हतं. मापाचा आकडा वॉशिंग्टनमध्ये ठरला होता.

वऱ्हाडी_वकील

पारिजात ताई, मिश्रणाच्या वजनाचं वाचून राहवलं नाही. मी इथे भारतात सेशन्स कोर्टात एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, प्रकरणं चालवतो. आपल्याकडे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध मालाचंच वजन धरा म्हटलं होतं. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते उलटवलं, आता भेसळीसकट सगळं वजन. हेरॉइनची लहान मात्रा ५ ग्रॅमपर्यंत, २५० च्या वर गेली की व्यापारी मात्रा आणि मग जामीनही जवळजवळ बंद. रस्त्यावर पुडी विकणाऱ्याच्या मालातच भेसळ जास्त, म्हणजे वजन त्याचंच फुगतं. तिकडचा वर्णाचा प्रश्न इकडे जसाच्या तसा बसवत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण काट्याचं दुखणं तुमच्यासारखंच आहे.

स्पष्टवक्ता

दुसरी_पिढी, शाळेचं फाटक आणि लांबचा कोपरा हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. ते पटलं. विकणाऱ्याला शिक्षा हवी, हे माझं मत कायम आहे. पण मग ती माझ्या गल्लीतल्या मुलालाही तेवढीच हवी, आणि तेवढी झालेली मी पाहिलेली नाही. आमच्या कॉलनीत दोन वर्षांपूर्वी एका मुलाकडे गोळ्या सापडल्या. आईवडिलांनी चांगला वकील केला, मुलगा समुपदेशनाला गेला, आज शिकतोय. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, बरं झालं. मीही म्हटलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. चार महिने उरले होते हे वाचून उठून अंगणात जाऊन आलो.

पारिजात ताई, तुमच्या ५.३ बद्दल मी काय बोलणार. मी पट्टी दोनदा लावली, कारण मला चूक व्हायला नको होती. तुम्हीही तेच केलंत.

दुसरी_पिढी, एक विचारायचं आहे. राज्याच्या नव्या कायद्याने दहा वर्षांनी जुनी नोंद पुसता येते असं वाचलं. त्या मुलाला, म्हणजे आता चाळिशीतल्या माणसाला, ते लागू होईल का? मी त्याला शोधणार नाही, तो माझा हक्क नाही. पण त्या गावातल्या वाचनालयात अशा अर्जांसाठी शनिवारी मोफत शिबिर असतं आणि त्यांना फॉर्म भरून देणारी माणसं कमी पडतात, असं कळलं. निवृत्त माणूस आहे, फॉर्म भरता येतात. तिथे मी ज्युरीत होतो हे सांगावं की न सांगावं?

दुसरी_पिढी

काका, २०१९ च्या क्लीन स्लेट कायद्यात बहुतेक अशी प्रकरणं बसतात, शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली असली की. शिबिरात शिकवून घेतात, वकील असायची गरज नाही. ज्युरीचं आधी संयोजकांना सांगा, अर्जदारांना नको. येत्या शनिवारी मीच असेन तिथे. साडेनऊला या, पार्किंग मागच्या बाजूला आहे. आणि तो नकाशा छापून आणा, दोन्ही गावांचा, एकाच प्रमाणात. विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला आम्हाला असा नकाशा काढणारा माणूस हवाच होता.